‘नको’ म्हणण्याचा अर्ज

परवाची गोष्ट. दुपारचे पावणेतीन वाजले होते. जेवण झालं होतं, पेपरातलं शब्दकोडं अर्धं सुटलं होतं आणि नुकताच डोळा लागला होता. तेवढ्यात उशाशी ठेवलेला मोबाइल वाजला. चाचपडत चष्मा शोधला, नंबर पाहिला. अनोळखी, पण साधा दहा आकडी. उचलला.

"हॅलो सर, मैं अमुक बँक से बात कर रही हूँ. आपके लिए प्री-अप्रूव्हड पर्सनल लोन..."

"बाई, मराठीत बोलता येतं का?"

"हो सर, येतं ना!" आवाज एकदम मोकळा झाला. "सर, तुम्हाला आमच्याकडून पाच लाखांचं लोन मंजूर झालंय."

"मी मागितलं होतं का?"

"नाही सर, प्री-अप्रूव्हड आहे."

"माझं वय माहीत आहे का तुम्हाला?"

"नाही सर."

"चौऱ्याहत्तर."

जरा शांतता. मग, "सर, घरात दुसऱ्या कुणाला हवंय का लोन?"

मला हसू आलं, खोटं कशाला सांगू. पण फोन ठेवल्यावर झोप गेली ती गेलीच. शब्दकोडंही तसंच राहिलं.

मंडळी, हा विषय विनोदाचा आहे असं पुष्कळांना वाटतं. आपल्यापैकी कित्येकांनी या फोनवाल्यांची कशी फिरकी घेतली याचे किस्से रंगवून लिहिले आहेत. कुणी त्या मुलीलाच उलट विमा विकायला निघतो, कुणी बहिऱ्याचं सोंग घेतो, कुणी "थांबा हं, आलोच" म्हणून फोन टीव्हीपुढे ठेवून जेवायला बसतो. मी ते किस्से वाचले आहेत, हसलोही आहे. पण आज मला हसवायचं नाही, भांडायचं आहे. आणि ज्यांच्याशी भांडायचं आहे त्यात थोडेसे तुम्हीही आहात, तेव्हा आधीच क्षमा मागून ठेवतो.

मास्तरकीची सवय म्हणा, मी एक वही घातली. हजेरीपुस्तकासारखे रकाने आखले: तारीख, वेळ, नंबर, कशाबद्दल. तीस दिवस प्रामाणिकपणे टिपून ठेवलं. नको असलेले फोन एकूण ६१. कर्जाचे २२, क्रेडिट कार्डाचे ११, विम्याचे ९, प्लॉट आणि फ्लॅटचे ८, शेअर बाजारात श्रीमंत करणाऱ्यांचे ६, आणि श्रवणयंत्र, गुडघ्याचं तेल वगैरेचे ५. म्हणजे रोजचे सरासरी दोन. त्यातले १४ फोन १४० ने सुरू होणाऱ्या नंबरांवरून, म्हणजे जाहिरातवाल्यांसाठी नेमून दिलेल्या नंबरांवरून आले. उरलेले ४७ तुमच्याआमच्यासारख्या साध्या मोबाइल नंबरांवरून. आणि माझा नंबर ‘डू नॉट डिस्टर्ब’च्या यादीत आहे बरं का! सगळ्या प्रकारच्या जाहिराती बंद करा, असं मी रीतसर कळवलेलं आहे.

आमच्या सौ. म्हणाल्या, "एवढं लिहून काय मिळवणार आहात?" प्रश्न बरोबर होता. पण आकडे समोर आल्याशिवाय मला स्वतःचा रागही खरा वाटत नाही.

थोडं मागे जातो. १९८६ साली मी घरी टेलिफोन मिळावा म्हणून अर्ज केला. चांगल्या अक्षरात, समास सोडून, ‘महोदय’ लिहून केलेला अर्ज. फोन लागला १९९३ साली. सात वर्षं! फोन लागला त्या दिवशी घरात पेढे आणले होते. शेजारची चार घरं त्याच फोनवर बोलायची. घंटा वाजली की कुणाचं तरी काहीतरी बरं किंवा वाईट घडलेलं असायचं. उगीच कोणी फोन करत नसे, कारण फोन करायला पैसे पडत.

पुढे मोबाइल आला. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला सुखराम यांना केलेला फोन हा आपल्या देशातला पहिला मोबाइल कॉल. सुरुवातीला तर फोन घेणाऱ्यालाही पैसे मोजावे लागत. २००३ साली इनकमिंग फुकट झालं आणि मोबाइल खऱ्या अर्थाने घरोघरी गेला. नंतर फोन करणंही जवळपास फुकट झालं. महिन्याचं एकदा भरलं की दिवसभर कितीही बोला. ही सोय तुमच्याआमच्यासाठी झाली यात शंका नाही. पण तिचा फायदा सगळ्यात आधी कुणी घेतला असेल, तर ज्याला दिवसाला दोनशे अनोळखी माणसांना गाठायचं आहे त्याने.

इथे सगळं गणित आहे. समजा, हजार फोन केल्यावर एक माणूस ‘हो’ म्हणाला, तरी विकणाऱ्याचं भागतं. मग उरलेल्या ९९९ माणसांच्या मोडलेल्या झोपेची, उतू गेलेल्या दुधाची, पूजेतून उठून आलेल्या आजीच्या गुडघ्यांची किंमत कुणी मोजायची? ती कुणाच्याच हिशेबात नाही. धंदा त्यांचा, भांडवल मात्र आमची दुपार.

सरकारने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, २००७ साली पहिल्यांदा नियम केले आणि ‘नॅशनल डू नॉट कॉल’ यादी सुरू झाली. त्यानंतरही २०१० साली तत्कालीन केंद्रीय अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांना भर बैठकीत गृहकर्जाचा फोन आला होता आणि ती बातमी बरीच गाजली होती. देशाचं अंदाजपत्रक मांडणाऱ्या माणसाला विचारतायत, घरासाठी कर्ज हवंय का! त्याच वर्षी डिसेंबरात नवे नियम आले, ते २०११ च्या सप्टेंबरात पूर्णपणे लागू झाले. १४० चे नंबर तेव्हाचे. मग २०१८ साली पुन्हा नवे नियम. ऑगस्ट २०२४ मध्ये ट्रायने नोंदणी न केलेल्या जाहिरातवाल्यांची सगळी कनेक्शनं तोडा आणि त्यांना दोन वर्षं काळ्या यादीत टाका, असा आदेश काढला. त्या वर्षीच्या पहिल्या सहा महिन्यांतच अशा बिननोंदणीवाल्यांविरुद्ध ७.९ लाखांहून जास्त तक्रारी आल्या होत्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये नियम आणखी कडक झाले. तक्रार करायची मुदत तीन दिवसांची सात दिवस झाली, बिननोंदणीवाल्यावर कारवाईची मुदत तीस दिवसांवरून पाचवर आली, आणि अशा फोनची तक्रार करायला आधी आपली पसंती नोंदवलेली असण्याची अटही गेली.

म्हणजे २००७ पासून आजपर्यंत नियमांवर नियम. आणि तरी माझ्या वहीत महिन्याला ६१ फोन! वर्गात मी दर वर्षी नवीन नियम लावले असते आणि पोरं तशीच बाकावर नाचत राहिली असती, तर मुख्याध्यापकांनी मला विचारलं असतं, "गुरुजी, नियम चुकताहेत की तुम्ही?"

माझं उत्तर असं आहे: नियम पहिल्या ओळीतच चुकला आहे.

मी चौतीस वर्षं मराठी शिकवलं. त्यात दर वर्षी मुलांना अर्जलेखन शिकवलं. रजेचा अर्ज, दाखल्याचा अर्ज, नादारीचा अर्ज, नोकरीचा अर्ज. अर्ज म्हणजे काय? जे आपल्याकडे नाही आणि जे समोरच्याच्या हातात आहे, ते नम्रपणे मागणं. आता सांगा, माझ्याच घरात, माझ्याच पलंगावर, माझ्याच पैशाने घेतलेल्या फोनवर मला कुणी त्रास देऊ नये, ही गोष्ट मी अर्ज करून का मागायची? ती माझी नव्हती का? फोन मिळावा म्हणून अर्ज केला तो समजू शकतो. तो वाजू नये म्हणूनही अर्ज?

डीएनडीची सगळी रचनाच अशी आहे. तुम्ही काहीच कळवलं नाहीत तर तुमची हरकत नाही असं धरून चालायचं. म्हणजे गप्प राहणारा माणूस ‘हो’ म्हणाला! आमच्या पिढीला शिकवलं होतं की दुसऱ्याच्या वस्तूला हात लावण्याआधी विचारावं. इथे उलटं आहे. ज्याची वस्तू त्यानेच आधी जाऊन सांगायचं की बाबांनो, हात लावू नका. आणि ज्यांना १९०९ हा नंबर माहीत नाही, ज्यांना कुठला पर्याय निवडायचा ते कळत नाही, त्या खेड्यातल्या म्हातारीने काय करायचं? तिचं ‘नको’ कोण नोंदवणार?

बरं, अर्ज केला, नाव यादीत गेलं, तरी सुटका नाही. त्याच्या दोन पळवाटा मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या.

पहिली पळवाट ‘संमती’ची. गेल्या वर्षी नातवाने माझ्या आरोग्यविम्याचा हप्ता कुठे कमी पडेल ते बघायला नेटवर माझा नंबर टाकला. मी म्हटलं, खालचं बारीक अक्षरातलं वाच. त्याने वाचलं. माझा नंबर डीएनडीत असला तरी मला फोन करायला माझी संमती आहे, अशा अर्थाचं ते वाक्य होतं. त्यापुढची चौकट आधीच टिक केलेली. म्हणजे मी एका हाताने दिलेला अर्ज दुसऱ्या हाताने फाडायचा, आणि तेही न कळता. दुकानात मिक्सर घेतला तर नंबर, चपला घेतल्या तर नंबर, लकी ड्रॉच्या कुपनावर नंबर. बिल करायला मोबाइल नंबर सक्तीने मागू नका असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्ये दुकानदारांना बजावलं होतं. पण काउंटरवर मागे दहा माणसं खोळंबलेली असताना, "मी नंबर देणार नाही" म्हणायला छाती लागते. मी म्हणतो. सौ. लांब उभ्या राहतात, ओळख नसल्यासारख्या.

दुसरी पळवाट ‘तो आमचा माणूस नाही’ची. एकदा मी चिडून, ज्या बँकेच्या नावाने फोन आले होते त्या बँकेच्या शाखेत वही घेऊन गेलो. मॅनेजर तरुण होता, सभ्य होता. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाला, "सर, हे आमचे कर्मचारी नसतात. एजन्सीचे असतात. त्यांच्यावर आमचा कंट्रोल नाही." मी विचारलं, "त्यांनी आणलेलं कर्ज तुम्ही देता ना?" म्हणाला, "ते देतो." मी विचारलं, "त्याबद्दल एजन्सीला कमिशन देता?" म्हणाला, "ते द्यावं लागतं." मग मी म्हटलं, "म्हणजे कमिशन देताना तो तुमचा आणि तक्रार आली की परका!" तो हसला. चहा चांगला होता. फोन थांबले नाहीत.

१९०९ वर तक्रारीही केल्या. नंबर, तारीख, थोडक्यात मजकूर, सगळं रीतसर. काहींवर कारवाई झाली असा मेसेजही आला. पण कारवाई होते ती सिमकार्डावर. सिमकार्ड म्हणजे काय, तर खडूचा तुकडा. एक संपला की डब्यातून दुसरा. फळ्यावर लिहिणारा हात तोच. हाताला काही झालं पाहिजे ना?

आता तुमच्याशी भांडण. या विषयावर तोंड उघडलं की मला हमखास तीन सल्ले मिळतात.

पहिला सल्ला, "एवढं काय, कट करायचा!" वाटतं सोपं. पण कट करायला आधी उठावं लागतं, चष्मा लावावा लागतो, नंबर वाचावा लागतो. मोडायची ती झोप तोपर्यंत मोडलेली असते. शिवाय डास मारता येतो म्हणून गटार उघडं ठेवायचं का?

दुसरा सल्ला, "नाव दाखवणारं अ‍ॅप घ्या." म्हणजे एका परक्या कंपनीपासून वाचण्यासाठी दुसऱ्या परक्या कंपनीला माझ्या फोनमध्ये डोकवायची परवानगी द्यायची. चोराच्या भीतीने किल्ली शेजाऱ्याकडे, आणि शेजारी कोण ते माहीत नाही. ज्यांना ते सोयीचं वाटतं त्यांनी जरूर वापरावं. पण त्याला उपाय म्हणू नका.

तिसरा सल्ला सगळ्यांचा लाडका: "अनोळखी नंबर उचलायचाच नाही. जास्तच झालं तर ब्लॉक." हा सल्ला मी ऐकला होता. मनापासून पाळला होता. त्याचं काय झालं ते सांगतो. खरं म्हणजे हे लिहायचं नव्हतं, पण त्याशिवाय माझा राग तुम्हाला म्हाताऱ्याची चिडचिड वाटेल.

आमच्या शाळेत गणित शिकवणारे एक सर होते. माझ्याहून दोन वर्षांनी मोठे. एकाच वर्षी नोकरीला लागलो, सव्वीस वर्षं एका स्टाफरूममध्ये शेजारी बसलो, एका डब्यात जेवलो. निवृत्तीनंतर ते मुलाकडे कऱ्हाडला गेले, मी साताऱ्यातच राहिलो. आठवड्याला एक फोन ठरलेला, रविवारी सकाळी. २०२३ च्या नोव्हेंबरात, दिवाळी होऊन गेल्यावर, एका मंगळवारी दुपारी मला एका अनोळखी नंबरावरून फोन आला. त्या दिवशी आधीच चार फोन येऊन गेले होते, कर्जाचे आणि प्लॉटचे. मी कट केला. दोन मिनिटांनी पुन्हा. पुन्हा कट केला. तिसऱ्यांदा आला तेव्हा नातवाने शिकवल्याप्रमाणे तो नंबर ब्लॉक केला. आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली की आता जमायला लागलं बरं का आपल्याला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता आमच्या एका जुन्या शिपायाचा फोन आला. सर गेले होते, पहाटे.

तो नंबर त्यांच्या मुलाचा होता. नुकताच बदललेला. सरांना सोमवारी रात्री दवाखान्यात ठेवलं होतं. मंगळवारी दुपारी जरा शुद्धीवर होते आणि माझ्याशी बोलायचं म्हणत होते. मुलाने तीनदा लावला. नंतर मेसेजही टाकला होता म्हणे, पण ब्लॉक केलेल्या नंबरचा तो मला दिसणार कसा? सातारा ते कऱ्हाड दीड तासाचा रस्ता नाही. मी संध्याकाळपर्यंत त्यांच्या उशाशी असतो.

मुलगा मला काही बोलला नाही. उलट म्हणाला, "काका, हल्ली सगळेच उचलत नाहीत. मीही नाही उचलत." त्याने मला मोकळं केलं खरं. पण मला ते वाक्य त्या दिवसापासून टोचतं. सगळेच उचलत नाहीत!

बघा, काय झालं आहे ते. घंटा वाजली की कुणाचं तरी बोलावणं आहे, असा आमचा विश्वास होता. त्या विश्वासावर टेलिफोन नावाची सगळी व्यवस्था उभी होती. ती वापरून वापरून या लोकांनी इतकी झिजवली की आता घंटा वाजली की आपण पहिल्यांदा संशय घेतो. जाहिरातवाल्याने माझी दहा मिनिटं नेली असं नाही. त्याने माझ्या मित्राच्या हाकेची किंमत शून्य केली. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण पोरांना सांगतो. पण त्या गोष्टीत ओरडणारा पोरगा एकच होता आणि त्याची शिक्षा त्यालाच मिळाली. इथे ओरडतात एक आणि मेंढरं जातात दुसऱ्याची.

याच गोंगाटात चोरही शिरतात. बँकेतून बोलतोय म्हणून ओटीपी विचारणारे, पोलीस आहोत म्हणून ‘डिजिटल अरेस्ट’ची भीती घालणारे. खरी एजन्सी साध्या दहा आकडी नंबरवरून फोन करते आणि खोटा चोरही तशाच नंबरवरून करतो, मग सत्तरीतल्या माणसाने ओळखायचं कसं? आता बँका वगैरेंच्या कामाच्या फोनसाठी १६०० ने सुरू होणारे नंबर ठरवले आहेत. चांगली गोष्ट आहे. पण विकणारे जोवर साध्या नंबरांआड लपतात, तोवर चोरांना आडोसा आयताच आहे.

"पण त्या बिचाऱ्या मुलींचं पोट आहे त्यावर," असं माझी धाकटी बहीण म्हणते. तिचं म्हणणं मला पटतं, आणि म्हणूनच मी फिरकीच्या किश्शांवर नाराज आहे. सरांच्या त्या प्रकारानंतर महिनाभर मी फार वाईट वागलो. जो फोन येईल त्याच्यावर ओरडायचो. एकदा असंच एका मुलीला वाट्टेल ते बोललो. ती ऐकून घेत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "काका, अजून थोडा वेळ ओरडा. एक मिनिट झालं नाही तर कॉल धरत नाहीत आमचा."

माझ्या तोंडचा शब्दच गेला.

विचारलं तर म्हणाली बी.कॉम. झाली आहे, दिवसाला ठरलेले कॉल झाले नाहीत तर पगार कापतात. जिला मी शिव्या घालत होतो ती माझ्या शेवटच्या बाकावरची मुलगी असू शकली असती. तिला माझा नंबर कुणी दिला हे तिलाही माहीत नव्हतं. समोरच्या पडद्यावर नंबर येतो, लागतो, ती बोलते. तेव्हा, माझ्या मित्रांनो, तिची फिरकी घेऊन आपण कुणाला धडा शिकवतो? ज्याने तिला तिथे बसवलं तो वातानुकूलित खोलीत आहे. त्याचा नंबर आपल्याकडे नाही. आपला त्याच्याकडे आहे.

आणि पोटाचं म्हणाल, तर दोनशे घरांतून शिव्या खाऊन एक कर्ज विकणं ही काही पदवीधर मुलीच्या शिक्षणाची किंमत नव्हे. तिचं पोट भरतं म्हणून हा धंदा टिकला पाहिजे, हे म्हणणं म्हणजे तिचा अपमान तिच्याच भल्याचा आहे असं म्हणणं.

मग हवंय तरी काय मला? तीनच गोष्टी.

एक. गप्प बसणं म्हणजे ‘नको’ असं धरा. ज्याला जाहिराती हव्यात त्याने अर्ज करावा. अगदी समास सोडून, ‘महोदय’ लिहून. बघू किती अर्ज येतात ते! जर एवढे लोक या फोनची वाट बघत असतील तर कंपन्यांना भीती कसली?

दोन. सिमकार्डाच्या मागे न धावता ज्याचा माल विकला जातोय त्याला धरा. कर्ज बँकेचं तर बँकेला, फ्लॅट बिल्डरचा तर बिल्डरला. एजन्सीचं नाव पुढे करायची सोयच ठेवू नका. वर्गातल्या पोराने दगड मारला तर आम्ही दगडाला उभं करत नसू.

तीन. संमती एकदा दिली म्हणून जन्मभराची समजू नका, आणि आधीच टिक केलेल्या चौकटीला संमती म्हणूच नका. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला आहे, त्याचे नियमही नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आहेत. संमती स्पष्ट हवी, मोकळेपणाने दिलेली हवी आणि परत घेता आली पाहिजे, असं तो कायदा म्हणतो. आता तो कागदावरून माझ्या उशापर्यंत कधी येतो ते बघायचं.

आणि आपण काय करायचं? कट करून विसरून जाऊ नका. सात दिवसांच्या आत १९०९ वर तक्रार करा, कंटाळा आला तरी करा. दहा दिवसांत एकाच नंबराविरुद्ध पाच तक्रारी आल्या तर कारवाई करावी लागते, असा आजचा नियम आहे. पूर्वी सात दिवसांत दहा लागत. म्हणजे तुमची एक तक्रार पाचवा हिस्सा आहे, ती वाया जात नाही. पैशाची फसवणूक झाली तर वेळ न घालवता १९३०. घरातल्या म्हाताऱ्यांचे नंबर डीएनडीत आहेत का ते या रविवारी बघा. दुकानात नंबर मागितला तर "कशाला?" एवढं तरी विचारा. आणि पलीकडच्या मुलीशी नीट बोला. "नको बाळ, आणि माझा नंबर यादीतून काढायला सांग" एवढं पुरतं. मी आता तेवढंच म्हणतो. जमलं तर एक मिनिट भरू देतो.

आणखी एक. मी पुन्हा सगळे फोन उचलायला लागलो आहे. ब्लॉकची यादी नातवाकडून रिकामी करून घेतली. वहीत अजूनही भर पडतेच आहे. या आठवड्यातच चौदा झाले. सौ. म्हणतात, "कशाला स्वतःच्या जिवाला त्रास?" असू दे. चौदातला पंधरावा कुणाचा असेल ते काय सांगावं.

असो. फार लांबलं. हे लिहीत असतानाच मघाशी एकदा फोन वाजला होता. धावत जाऊन उचलला.

वाईजवळ प्लॉट आहेत म्हणे, नदीकाठी. हवेत का?